न लागलेल्या छऱ्यांचा हिशेब

१९९१ च्या शरद ऋतूत अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, तेव्हा एक नियम पहिल्यांदाच देशभर लागू झालेला होता. बदकावर किंवा कादंबावर बंदूक चालवायची असेल, तर काडतुसात शिशाचे छरे असता कामा नयेत. शिशाचे छरे पाणपक्ष्यांना विषासारखे बाधतात, ही गोष्ट तिथल्या शिकाऱ्यांच्या नियतकालिकात १८९४ मध्येच छापून आली होती. म्हणजे माहिती आणि बंदी यांच्यात ९७ वर्षे गेली. या दिरंगाईचा दोष काडतूस कंपन्यांच्या नफेखोरीवर आणि शिकाऱ्यांच्या हट्टावर टाकला जातो. त्यात थोडे तथ्य आहे, पण तेवढ्याने या दीर्घ विलंबाचा उलगडा होत नाही. मला दिसते ते असे : दोनशे वर्षे काडतुसाची निवड पक्ष्याला लागणाऱ्या छऱ्यांचा विचार करून झाली, न लागणाऱ्या छऱ्यांचा हिशेब कोणी ठेवलाच नाही. पुढे शास्त्रज्ञांनी तो हिशेब मांडला, तेव्हा सुधारकांपैकी अनेकांनी लागणाऱ्या छऱ्यांचा प्रश्न किरकोळ ठरवला. दोन्ही बाजू एकाच कागदावर मांडल्या गेल्या तेव्हाच प्रश्न सुटला. त्यात सर्वांत अवघड कसोटी ठरला तो कॅनडा गूज हा काळ्या मानेचा, पांढऱ्या गालाचा, आकाराने मोठा कादंब.

शिशाची बाजू आधी नीट समजून घ्यायला हवी, कारण शिकाऱ्यांचे शिशावरचे प्रेम आंधळे नव्हते. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट असते. आकाराने लहान पण वजनाने जड असा छरा हवेत कमी अडतो, वेग टिकवून ठेवतो आणि दूरच्या पक्ष्याच्या पिसांतून व स्नायूंतून आत शिरतो. शिसे मऊ असल्यामुळे बंदुकीच्या नळीला इजा होत नाही. ते कमी उष्णतेवर वितळते आणि स्वस्तही पडते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स या नळकाम करणाऱ्या माणसाने १७८२ मध्ये छरे पाडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. वितळलेले शिसे उंचावरच्या चाळणीतून खाली सोडायचे, पडता पडता थेंब आपोआप गोल होतात आणि खालच्या पाण्यात पडून थिजतात. त्यासाठी त्याने आपल्या राहत्या घरावरच मनोरा चढवला. पुढे युरोप-अमेरिकेत असे मनोरे उभे राहिले आणि गोल, एकसारखा छरा सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आला.

मोठ्या पक्ष्यासाठी काडतूस निवडणे ही मुळात एक तडजोड असते. छरा मोठा घेतला तर प्रत्येक छऱ्यात मारक शक्ती जास्त, पण तेवढ्याच वजनात छरे कमी बसतात. मग त्यांचा पसारा विरळ होतो आणि पक्षी मधल्या मोकळ्या जागेतून निसटतो. छरा लहान घेतला तर पसारा दाट होतो, पण एकेक छरा पिसांतच अडकून पडतो. अमेरिकी पद्धतीत छऱ्याचा क्रमांक सतरातून वजा केला की व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत मिळतो. चार क्रमांकाचा छरा ०.१३ इंच, दोन क्रमांकाचा ०.१५ इंच. त्याहून मोठ्या छऱ्यांना अक्षरे आहेत : बीबी ०.१८, बीबीबी ०.१९ आणि टी ०.२० इंच. बदकासाठी शिशाचा चार क्रमांक आणि कादंबासाठी दोन क्रमांक किंवा बीबी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. सव्वा औंस शिशात दोन क्रमांकाचे सुमारे ११० छरे मावतात. चाळीस यार्डांवरच्या, चार-पाच किलो वजनाच्या, जाड पिसांच्या पक्ष्याला खाली आणायला एवढे पुरे होते. शक्ती आणि संख्या या दोन्ही गरजा शिसे एकाच वेळी भागवत होते, म्हणून दोनशे वर्षे दुसऱ्या धातूकडे वळण्याचे कोणाला कारणच पडले नाही.

पण याच ११० छऱ्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहिले की चित्र बदलते. नेम अचूक लागला तरी पक्ष्याच्या अंगात जातात ते बोटांवर मोजण्याइतके. उरलेले शंभर पुढे पाण्यात पडतात. नेम चुकला तर सगळेच पडतात. शिकारी वर्षानुवर्षे त्याच आडोशात बसतात, त्यामुळे त्याच आडोशासमोरच्या उथळ पाण्यात छऱ्यांचे थर साठत जातात. बंदी येण्यापूर्वी अमेरिकेच्या पाणथळ जागांत दर वर्षी अशा रीतीने सुमारे २,७०० टन शिसे पडत होते. चिखल मऊ असेल तर छरे हळूहळू खाली जातात. तळ टणक असेल तर ते वरच राहतात, आणि बदके अन्न शोधतात ती नेमकी त्याच तळाशी.

पक्ष्याला दात नसतात. गिळलेले दाणे दळण्याचे काम त्याच्या पोटातली स्नायूंची जाड पिशवी करते. शास्त्रीय मराठीत तिला पेषणी म्हणतात, कोंबडीवाल्याकडे पोटा. त्यात जात्याचे काम करायला पक्षी वाळूचे खडे गिळतो. शिशाचा छरा आकाराने खड्यासारखा आणि पाणवनस्पतींच्या बियांसारखाही असतो, म्हणून तो सहज गिळला जातो. पोट्यात तीव्र आम्ल असते. खड्यांच्या घर्षणाने छरा झिजतो, आम्लात विरघळतो आणि शिसे रक्तात उतरते. रक्तातला लाल घटक बनवणारी क्रिया त्याने अडते, मज्जातंतू निकामी होतात, अन्ननलिकेचे स्नायू लुळे पडतात. पोटात दाणे असूनही पक्षी उपाशी मरतो. छातीचे मांस झडते, पंख छपरासारखे ढिले उतरतात, शेपटीखाली हिरवा डाग दिसतो. कधी एकच छरा पुरतो, कधी पक्षी जास्त छरे पचवूनही वाचतो. ते त्याच्या आहारावर बरेच अवलंबून असते. मक्यासारख्या कोरड्या, टणक दाण्यांवर जगणारी बदके जास्त मरतात, मऊ आणि सकस अन्न मिळालेली तग धरतात.

टेक्सासच्या किनाऱ्याकडे आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या करिटक खाडीत अशी मरणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच लोकांच्या लक्षात आली होती. १८९४ मध्ये ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या नियतकालिकाचा संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल याने शिशाच्या विषबाधेवर लिहिले. ग्रिनेल हा शिकारीचा शत्रू नव्हता. तो स्वतः शिकारी होता आणि त्याचे वाचकही शिकारीच होते. १९१९ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने अलेक्झांडर वेटमोर या पक्षिशास्त्रज्ञाची पुस्तिका छापली. युटातल्या दलदलींत मेलेली बदके तपासून आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना छरे खाऊ घालून त्याने कार्यकारण सिद्ध केले. तरीही पुढची चाळीस वर्षे काही बदलले नाही. त्याचे कारण असे, की हे मरण दिसत नसे. आजारी बदक गवतात दडून बसते, कोल्हे आणि गरुड ते उचलून नेतात, मेलेला पक्षी काही दिवसांतच नाहीसा होतो. एखाद्या तलावावर एकदम शेकडो पक्षी मेले तर बातमी होई, पण रोज एक-दोन मेल्याची बातमी होत नसे. न लागलेल्या छऱ्याप्रमाणे त्याचा बळीही हिशेबाबाहेर राहिला.

तो हिशेब पहिल्यांदा नीट मांडला इलिनॉयच्या फ्रँक बेलरोझ या पक्षिसंशोधकाने. इलिनॉय नदीच्या खोऱ्यात त्याने रानातली मॅलार्ड बदके पकडली, मोजून छरे खाऊ घातले, पायात कडे अडकवून सोडून दिली, आणि छरे न दिलेल्या बदकांच्या तुलनेत त्यांच्यातली किती परत सापडतात ते नोंदवले. दुसरीकडे देशभरातून शिकाऱ्यांनी मारलेल्या पाणपक्ष्यांचे छत्तीस हजारांहून अधिक पोटे तपासले गेले. साधारण पंधरातल्या एकात शिसे होते. या दोन्हींचा मेळ घालून १९५९ च्या अहवालात त्याने अंदाज दिला, की उत्तर अमेरिकेतले दोन ते तीन टक्के पाणपक्षी दर वर्षी शिशाने मरतात. या माणसाचा प्रामाणिकपणा लक्षात घेण्यासारखा आहे. शिशावर बंदी घालण्याइतके हे प्रमाण आज मोठे नाही, असा निष्कर्षही त्याने त्याच अहवालात नोंदवला. त्यामुळे पुढे ज्यांनी बंदी मागितली त्यांना बेलरोझचे आकडे घ्यावे लागले आणि त्याच्या निष्कर्षाशी वादही घालावा लागला. माझ्या मते तिथे बेलरोझचा निर्णय कमी पडला. दोन-तीन टक्के हा आकडा लहान वाटतो, पण तो दर वर्षीचा आहे, आणि त्यातून शिकाऱ्याला, निसर्गाला किंवा कोणालाही काहीच मिळत नाही. शिकारीत मेलेल्या पक्ष्याचे निदान जेवण तरी होते. तळाशी पडलेल्या छऱ्याने मेलेला पक्षी निव्वळ वाया जातो.

शिसे टाळायचे उपाय आधीही शोधले गेले होते. शिशात मॅग्नेशियम मिसळून पाण्यात विरघळणारा छरा करण्याचा प्रयोग १९३० च्या दशकात झाला. शिशावर दुसऱ्या पदार्थाचा मुलामा देऊन पाहिला. पोट्यातले खडे मुलामा घासून काढत, आणि खालचे शिसे उघडे पडे. शेवटी विषारी नसलेला, स्वस्त आणि मुबलक असा एकच धातू उरला : लोखंड. मऊ लोखंडाच्या या छऱ्याला बाजारात स्टीलचा छरा म्हणू लागले. आणि इथेच शिकाऱ्यांचा आक्षेप उभा राहिला. तो हट्टाचा नव्हता, भौतिकशास्त्राचा होता.

लोखंडाची घनता पाण्याच्या ७.९ पटीच्या आत आहे, म्हणजे त्याच आकाराचा छरा शिशापेक्षा सुमारे तीस टक्के हलका. हलका छरा वेग लवकर गमावतो. तेवढेच वजन हवे असेल तर व्यास सुमारे तेरा टक्के वाढवावा लागतो. शिशाच्या चार क्रमांकाच्या जागी लोखंडाचा दोन क्रमांक घ्या, हा ‘दोन पायऱ्या वर’चा नियम याच गणितातून येतो. बदकापर्यंत ते ठीक चालते. पण कादंबासाठी शिशाचा बीबी वापरणाऱ्याने काय करावे? गणित सांगते, टी. तेवढे मोठे छरे जुन्या काडतुसात घातले तर त्यांची संख्या घटते आणि पसारा विरळ होतो. जो पक्षी जितका मोठा आणि जितका दूर, तितकी लोखंडाची बाजू लंगडी. आणि नेमक्या याच काळात मोठा कादंब पुन्हा शिकाऱ्यांच्या आकाशात आला. कॅनडा गूजचा सर्वांत मोठा प्रकार नामशेष झाला असे पक्षितज्ज्ञ धरून चालले होते. १९६२ मध्ये इलिनॉयच्याच हॅरल्ड हॅन्सनने मिनेसोटातल्या रोचेस्टर शहराच्या सिल्व्हर लेकवर तो जिवंत असल्याचे ओळखले. वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे हा तलाव हिवाळ्यातही गोठत नसे. पुढे राज्याराज्यांत त्याची पैदास करून त्याला पुन्हा वसवले गेले. पाच किलोच्या पुढचा हा पक्षी हलक्या छऱ्याने जखमी होऊन दूर जाऊन मरेल, आणि शिसे टाळून जितके वाचतील त्याहून जास्त लोखंडाने जायबंदी होतील, हा शिकाऱ्यांचा युक्तिवाद तेव्हा ऐकण्यासारखा होता. बंदीच्या बाजूच्या काहींनी तो बहाणा समजून झटकला. त्यांची ती मोठी चूक होती. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्या अनुभवाला खोटे ठरवून नियम लादता येतो, पण पाळून घेता येत नाही.

याचे उत्तर मोजमापानेच देता येणार होते, आणि ते दिले गेले. मेरीलँडमधल्या पॅटक्सेंट संशोधन केंद्रात साठच्या दशकात मऊ लोखंडाच्या छऱ्याची मारकता तपासली गेली. सत्तरच्या दशकात विंचेस्टर कंपनीच्या निलो फार्मवर मोठ्या प्रमाणात चाचण्या झाल्या. त्यांत दूरच्या अंतरावर शिसे सरस ठरले, जवळच्या अंतरावर फरक थोडा होता. म्हणजे शिकाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे निघाले. पुढे मिसूरीत आणि लुइझियानातल्या लाकासीन अभयारण्यात प्रत्यक्ष शिकारीतच चाचण्या घेतल्या. काडतुसात शिसे आहे की लोखंड, हे शिकाऱ्याला ठाऊक नव्हते. तिथे जखमी पक्ष्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. पक्षी किती दूर होता आणि बंदूक कोणाच्या हातात होती, याचा परिणाम धातूपेक्षा जास्त होता. या चाचण्यांनी शिकाऱ्याचा प्रश्न खोटा ठरवला नाही, त्याची जागा बदलली. लोखंडाने पक्षी मरतो का, याऐवजी कोणत्या आकाराचा, किती वेगाचा छरा कोणत्या अंतरापर्यंत मारतो, असा प्रश्न पुढे आला. या दुसऱ्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता येते. टॉम रोस्टर या तज्ज्ञाने पुढे बनवलेले तक्ते नेमके हेच सांगतात : कोणत्या पक्ष्यासाठी कोणता छरा, किती वजन, किती अंतरापर्यंत. दोनशे वर्षे वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून होणारी निवड आता मोजून होऊ लागली.

दुसरा आक्षेप नळीचा होता. लोखंड कठीण असते, जुन्या पातळ नळ्यांना ओरखडे पडतील, टोकाशी अरुंद होणारा चोक फुगेल, ही भीती निराधार नव्हती. त्यावर उपायही कारागिरीतूनच आले. छरे नळीला घासू नयेत म्हणून जाड प्लास्टिकचा पेला काडतुसात आला, आणि चोक थोडा मोकळा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. लोखंडाचा छरा दाबाने चपटा होत नाही, गोलच राहतो, म्हणून त्याचा पसारा मोकळ्या चोकमधूनही दाट राहतो. हा गुण शिशात नव्हता. तिसरा आक्षेप पैशाचा होता. सुरुवातीची लोखंडी काडतुसे महाग होती. पण किमतीचा आक्षेप घेताना शिसे स्वस्त का, हेही विचारायला हवे. त्याची खरी किंमत दुकानात भरली जात नव्हती, तलाव भरत होता.

मग १९७६ ते १९९१ या पंधरा वर्षांत वाद प्रयोगशाळेतून कोर्टात आणि संसदेत गेला. १९७६ मध्ये केंद्र सरकारच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने पर्यावरण-परिणामांचा अहवाल काढून अटलांटिक किनाऱ्याकडच्या काही भागांत लोखंडी छरा सक्तीचा केला. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले, न्यायालयाने सरकारची बाजू घेतली. १९७८ मध्ये अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी अर्थसंकल्पाला एक अट जोडली : राज्याची संमती नसेल तर या नियमाच्या अंमलबजावणीवर केंद्राने पैसा खर्च करू नये. नियम कागदावर राहिला, अंमलबजावणी राज्यांच्या मर्जीवर. राज्यांचे अधिकार जपण्यात मुळात गैर काही नाही. पण स्थलांतरित पक्षी कोणत्याच राज्याच्या सीमा मानत नाहीत. एका राज्याच्या चिखलात गिळलेला छरा पक्ष्याला दुसऱ्या राज्यात मारतो. म्हणूनच १९१८ पासून हे पक्षी केंद्राच्या कायद्याखाली होते, आणि स्टीव्हन्स यांची अट त्या तत्त्वालाच छेद देत होती.

कोंडी फोडली ती गरुडाने. पांढऱ्या डोक्याचा गरुड हे अमेरिकेचे राष्ट्रचिन्ह. हिवाळ्यात तो बदकांच्या थव्यांमागे फिरतो आणि जखमी व आजारी बदके खातो. त्यांच्या अंगातले आणि पोट्यातले शिसे त्याच्या पोटात जाते. मेलेल्या गरुडांत शिसे सापडू लागले, तसा नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने १९८५ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली खटला भरला, आणि न्यायालयाने पाच राज्यांतल्या काही भागांत शिशाला मनाई केली. एकेका भागासाठी पुन्हा पुन्हा न्यायालयात उभे राहण्यापेक्षा देशभर एकच नियम बरा, हे सरकारच्या लक्षात आले. १९८६ मध्ये निर्णय झाला : १९८७ च्या हंगामापासून टप्प्याटप्प्याने आणि १९९१ पर्यंत सर्वत्र. बदकांच्या लाखो मरणांनी जे झाले नाही ते थोड्या गरुडांनी झाले, याची खंत वाटते. पण त्यामागेही तेच कारण आहे. गरुडाचा मृत्यू मोजला जात होता, बदकाचा मोजला जात नव्हता.

नियम पक्का होताच काडतुसे बनवणाऱ्यांनी मोठ्या कादंबाचा प्रश्न हाती घेतला. १९८८ मध्ये मॉसबर्ग आणि फेडरल या कंपन्यांनी मिळून १२ बोअरसाठी साडेतीन इंच लांबीचे काडतूस आणले, म्हणजे मोठे छरेही पुरेशा संख्येने मावतील. मागे पडलेली, आणखी रुंद नळीची १० बोअरची बंदूक काही काळ पुन्हा चालती झाली. दारू सुधारून छऱ्याचा वेग वाढवण्यात आला. अनुभवाने असेही दिसले की टी हा गणिताने सुचवलेला आकार बहुतेक वेळा लागतच नाही. वेग वाढला आणि पसारा दाट राहिला, तर मोठ्या कॅनडा गूजसाठी लोखंडाचा बीबी किंवा बीबीबी पुरतो. एका औंसात बीबीचे ७२ छरे बसतात. नव्वदच्या दशकात बिस्मथचा आणि टंगस्टनच्या मिश्रणांचा छराही मान्य झाला. बिस्मथ शिशाच्या जवळ जाणारा आणि जुन्या नळ्यांना चालणारा, टंगस्टनची काही मिश्रणे तर शिशाहूनही जड. ती महाग आहेत, पण शिशाच्या मारकतेला पर्याय नाही हे म्हणणे आता टिकत नाही. हे सगळे बंदी ठरण्यापूर्वी का झाले नाही, असे कोणी विचारेल. उत्तर साधे आहे : शिसे चालत असताना दुसरे काही शोधण्यात कोणाचा फायदा नव्हता.

परिणाम काय झाला? १९९६ आणि १९९७ च्या हंगामांत मिसिसिपी खोऱ्यात मारलेल्या बदकांचे पोटे पुन्हा तपासले गेले. अँडरसन, हॅवेरा आणि झर्चर यांचा अहवाल २००० मध्ये आला. त्यांच्या अंदाजाने मॅलार्डमधली शिशाची मरणे ६४ टक्क्यांनी घटली होती, आणि १९९७ च्या शरदात उडालेल्या सुमारे नऊ कोटी बदकांपैकी १४ लाख केवळ छरा बदलल्यामुळे वाचली होती. जायबंदी पक्ष्यांबद्दलची भीतीही नोंदींत पारखता आली. बदलाच्या काळात जखमी होऊन हाती न लागणाऱ्या बदकांचे प्रमाण वाढले, आणि शिकारी नव्या काडतुसाला सरावल्यावर ते पुन्हा खाली आले. म्हणजे शिकाऱ्यांचा इशारा खोटा नव्हता. त्यांनी सांगितलेले नुकसान खरोखर झाले, पण ते तात्पुरते होते. शिशाचे नुकसान कायमचे होते. ते किती टिकाऊ असते याचा पुरावा वॉशिंग्टन राज्य आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्या सीमेवर मिळाला. १९९९ पासून तिथे ट्रम्पेटर हंस शेकडोंनी मरू लागले. शोध घेता सीमेवर पसरलेल्या जडसन लेकचा तळ मुख्य दोषी निघाला. शिशाला बंदी होऊन बराच काळ लोटला होता, पण जुने छरे तळातच होते. हंस लांब मानेने बदकांपेक्षा खोल पोहोचतो. पुढे हंसांना त्या तळ्यापासून हुसकावून ठेवले, तेव्हा मरणे कमी झाली.

एक आक्षेप मराठी वाचकाच्या मनात साहजिकच येईल : शिकारच बंद करा, म्हणजे छऱ्याचा वाद कशाला? भारताने तीच वाट धरली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्याची दुरुस्ती यांनी आपल्याकडे पाणपक्ष्यांची शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. १९३८ च्या नोव्हेंबरात भरतपूरच्या केवलादेव तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडल्याची नोंद तिथल्या दगडावर कोरलेली आहे. अशा संस्थानी हौसेला लोकशाहीत जागा नव्हती. पण अमेरिकेतली गोष्ट वेगळी आहे. तिथे शिकारीला हंगाम आणि दिवसाची मर्यादा आहे. पाणथळ जागा विकत घेऊन राखण्याचा बराचसा पैसा १९३४ पासून शिकाऱ्यांना घ्याव्या लागणाऱ्या बदक-तिकिटातून आणि १९३७ पासून बंदुका व काडतुसांवरच्या करातून येतो. तिथे शिकार थांबवली तर पाणथळींचा मोठा राखणदार जाईल. शिवाय शिकार थांबवल्याने तळातले शिसे निघत नाही, हे जडसन लेकने दाखवून दिले. शिकार करावी की नाही हा प्रश्न प्रत्येक समाजाने आपापल्या नीतीने सोडवावा. पण जिथे ती चालते तिथे छरा कोणता, हा प्रश्न टाळता येत नाही.

बदकांची संख्या दुष्काळ आणि घरट्यांच्या जागा यांवर जास्त अवलंबून असते, शिशावर नाही, असेही म्हटले जाते. संख्येपुरते ते बरोबर आहे. पाऊस चांगला झाला की कॅनडाच्या गवताळ डबक्यांत बदके भरभराटतात, कोरडे साल आले की घटतात. पण जे टाळता येत नाही त्याकडे बोट दाखवून टाळता येण्यासारखे नुकसान चालू ठेवण्याचे समर्थन होत नाही. दुष्काळावर कायदा चालत नाही, काडतुसावर चालतो.

या सगळ्या इतिहासातून माझा निष्कर्ष असा. छऱ्याची निवड ही शिकाऱ्याची खासगी आवड नाही. पक्ष्याला लागणारे छरे शिकाऱ्याच्या विवेकाचा भाग आहेत, कारण जखमी करून सोडणे हे क्रौर्य आहे. न लागणारे छरे साऱ्या समाजाच्या मालकीच्या पाण्याचा भाग आहेत. दोन्ही हिशेब पुरे करणारे काडतूस तेच चांगले काडतूस. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचा छरा सर्वच शिकारीसाठी बंद केला. युरोपीय संघाने २०२३ च्या फेब्रुवारीपासून पाणथळ जागांत त्याला मनाई केली. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत माळरानावरच्या पक्ष्यांसाठी शिसे आजही चालते. कबुतरे आणि लावे माळावर पडलेले छरे दाणे समजून टिपतात, पोट्याची रचना त्यांचीही तीच. पाणपक्ष्यांसाठी ९७ वर्षांत जे शिकून झाले ते माळरानासाठी पहिल्यापासून शिकण्याची गरज नाही. आकडे हाती आहेत, पर्यायी छरे दुकानात आहेत, मारकतेचे तक्ते तयार आहेत. तिथल्या राज्यांनी शिशाची ही उरलेली सवलतही बंद करावी, आणि बंद करण्याआधी शिकाऱ्यांसोबत बसून त्यांचे आक्षेप मोजून घ्यावेत.